मुलाची खाज वेगळी, वडिलांची वेगळी. ट्यूब मात्र एकच

प्रश्न: माझा मुलगा ९ वर्षांचा आहे. दोन वर्षांपासून त्याला कोपराच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यांच्या मागे खाज येते. झोपेत ओरबाडतो, सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके दिसतात. पाऊस लागला की वाढते, मे महिन्याच्या घामातही वाढते. तान्हा असताना त्याचे गाल लाल होऊन पाणी सुटायचं, मग मधली काही वर्षं बरा होता. आता गालांवर पांढुरके डाग आलेत. सासूबाई म्हणतात पोटात जंत असतील, रक्त खराब झालंय, मासळी बंद करा. फार्मसीतून एक ट्यूब आणली होती. लावली की चार दिवसांत साफ, बंद केली की आठवड्यात परत. चतुर्थीपासून ह्यांनाही कमरेला आणि जांघेत खाज सुटली आहे. हे कुंडईला कारखान्यात आहेत, तेही तीच ट्यूब लावतात. शाळेत एका पालकाने बाईंना सांगितलं, याला वेगळं बसवा. माझ्या भावाला दमा आहे, त्याचा याच्याशी काही संबंध? आणि मुलाचा फुटबॉल बंद करू का?
– एक आई, फोंडा

उत्तर: ताई, तुमच्या पत्रात रुग्ण दोन आहेत आणि माझ्या अंदाजाने आजारही दोन आहेत. मुलाला बहुधा इसब आहे. चिठ्ठीवर डॉक्टर त्याला 'अ‍ॅटोपिक डर्माटायटिस' लिहितात. तुमच्या यजमानांना बहुधा नायटा, म्हणजे गजकर्ण, बुरशीमुळे होणारा. इसब कोणाचा कोणाला लागत नाही, नायटा लागतो. इसबावर बेताच्या ताकदीचं स्टिरॉइड मलम हे खरंखुरं औषध आहे, नायट्याला तेच मलम खतपाणी घालतं. आणि तुमच्या घरात दोघांनाही एकच, बहुधा स्टिरॉइडची, ट्यूब चालू आहे. त्वचा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पक्कं निदान करता येत नाही, ते तुमच्या डॉक्टरांनीच करायचं. पण तुम्ही इतक्या बारकाईने लिहिलंय की बराचसा उलगडा पत्रातूनच होतो.

नुसत्या खाजेवरून काही ठरत नाही. ती खरजेत येते, नायट्यात येते, घामोळ्यात येते, डास चावल्यावरही येते. रात्री वाढणं हेही जवळजवळ सगळ्यांचं सारखंच. ठरतं ते कुठे आहे, कितव्या वर्षी सुरू झाली, मधे जाऊन परत येते का, घरात आणखी कोणाला आहे आणि आजवर काय काय लावलं यावरून. यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लोक सगळ्यात उशिरा देतात, तेही दारापर्यंत गेल्यावर मागे वळून. तुम्ही ते आधीच लिहिलंत, बरं केलंत.

इसबाची जागा वयाप्रमाणे बदलते. तान्ह्या मुलांत गाल, कपाळ, हातापायांची बाहेरची बाजू. तिथे लाली येते आणि लस सुटते. मूल चालू-पळू लागलं की तो घड्यांमध्ये सरकतो: कोपराची आतली बाजू, गुडघ्यामागची खाच, मान, मनगट, घोटा. मोठेपणी पुष्कळांना हातांवर आणि पापण्यांवर उरतो. तुमच्या मुलाचे तान्हेपणीचे गाल आणि आताच्या कोपर-गुडघ्याच्या घड्या या दोन वेगळ्या तक्रारी नव्हेत. मधली बरी वर्षंही त्याच आजाराची. तो असाच येतो-जातो.

१९९४ साली ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या एका गटाने यासाठी एक सोपी कसोटी बसवली, ती आजही वापरतात. वर्षभरात त्वचेला खाज असली पाहिजे, ही पहिली अट. त्याखेरीज पाचांपैकी तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: दोन वर्षांच्या आत सुरुवात, घड्यांमध्ये कधीतरी त्रास झालेला असणं, वर्षभरात अंग सर्वत्र कोरडं पडलेलं असणं, स्वतःला दमा किंवा ऋतूप्रमाणे शिंका-सर्दीचा त्रास, आणि आज तपासताना घड्यांत इसब दिसणं. तुमच्या पत्रातूनच तीन जुळतात. भावाच्या दम्याबद्दल विचारलंत, तर या कसोटीत मामा मोजला जात नाही. चार वर्षांखालचं मूल असेल तर आईवडील आणि सख्खी भावंडं तेवढी धरतात. पण संबंध आहे, नक्की आहे. दमा, सकाळच्या शिंका आणि इसब एकाच घराण्यात फिरताना दिसतात.

आणखी काही खुणा तुम्हाला घरीच दिसतील. उजेडात बसवून खालच्या पापणीखाली एक जादा घडी आहे का बघा. तळहातावरच्या रेषा वयाच्या मानाने जास्त आणि ठळक आहेत का बघा. दंडाच्या मागून हात फिरवला की बारीक खरखरीत पुळ्या लागतात का? आणि जिथे फार दिवस खाजवलं जातं तिथली कातडी जाड, काळपट होते, तिच्यावरच्या रेघा उठून दिसतात. आपल्या सावळ्या रंगावर लाली नीट दिसत नाही. इंटरनेटवर गोऱ्या मुलांचे लालभडक फोटो बघून 'आमच्याकडे असं नाही' म्हणून पुष्कळ आया निश्चिंत राहतात. आपल्याकडे इसब जांभळट, करडा किंवा नुसता काळवंडलेला दिसतो, कधी तर फक्त बारीक दाणे असतात. डोळ्यांपेक्षा बोटांवर विश्वास ठेवा.

गालांवरचे पांढुरके डाग. फोंड्यापासून पेडण्यापर्यंत प्रत्येक घरात त्यांना जंत किंवा कॅल्शियमची कमतरता म्हणतात, आणि मुलाला जंताची गोळी मिळते. गोळीने नुकसान नाही, डागही जात नाहीत. कडा पुसट, वर अगदी बारीक कोंडा, उन्हातून आल्यावर जास्त उठून दिसणारे डाग असतील तर ते बहुतेक वेळा सौम्य इसबाचेच असतात आणि सावकाश आपोआप रंग धरतात. कोडाचा डाग वेगळा असतो, दुधासारखा पांढरा, कडा रेखीव, वर कोंडा नाही. मात्र तुम्ही ट्यूब गालांवरही लावत होतात का, हे पत्रात नाही. तीव्र स्टिरॉइडनेही रंग उतरतो. एक गोष्ट मात्र कधी सोडू नका: फिकट डागावर कापूस फिरवला आणि मुलाला तो कळला नाही, तर कुष्ठरोग नाही ना हे बघायला दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे. त्या डागाला खाज नसते, म्हणूनच तो मागे पडतो.

रक्त खराब झाल्याने हे होत नाही. त्वचेच्या वरच्या थरात फिलॅग्रिन नावाचं एक प्रथिन असतं. इसब असलेल्या बऱ्याच लोकांत त्याच्या जनुकात जन्मतःच खोट असते, हे २००६ साली उजेडात आलं. चिऱ्याच्या भिंतीतला सांध्यांचा चुना झडला की पाऊस आत येतो आणि आतली माती बाहेर जाते, तसं इथे होतं: आतली ओल उडून जाते आणि बाहेरचा साबण, घाम, धूळ, जंतू आत शिरतात. गोव्यातली माणसं मला नेहमी विचारतात, इथे हवा इतकी दमट, कपाटातल्या चपलांना बुरशी येते, मग कातडी कोरडी कशी? हवेतल्या ओलीने हे सांधे भरत नाहीत. उलट दमट हवेत घाम वाळत नाही, घडीत साचून झोंबतो. शिवाय पावसाळ्यात गाद्या-उशा उन्हात पडत नाहीत, धुळीतले सूक्ष्म किडे दमट हवेत फोफावतात. दोन्ही ऋतूंत त्रास वाढतो असं तुम्ही लिहिलंय, त्याचं कारण यात आहे.

आता यजमान. कंबर आणि जांघ, मोठ्या माणसात नवीन सुरुवात, दिवसभर घट्ट पँट आणि पट्टा, स्कूटरवरून भिजत येणं, हे चित्र नायट्याचं आहे. त्यांना एकदा नीट उजेडात बघा. गोल चकदा, कड थोडी उचललेली आणि खवल्यांची, मधला भाग त्या मानाने साफ, आणि दर आठवड्याला परीघ वाढत जाणारा, असं असेल तर शंका फारशी उरत नाही. पण ते ट्यूब लावतायत, म्हणून असं स्वच्छ चित्र कदाचित दिसणारही नाही. स्टिरॉइडखाली नायट्याची कड बुजते, वर्तुळात वर्तुळ उठतं, लाली कमी होऊन तो गुपचूप मांडीपर्यंत पसरतो. खाज चार दिवस थांबते म्हणून माणूस खूश असतो. देशभर गेल्या काही वर्षांत न हटणारे नायटे वाढलेत, त्यामागे एक कारण या मिसळीच्या, म्हणजे स्टिरॉइड आणि बुरशीवरचं औषध एकत्र असलेल्या, ट्यूबा आहेत असं आम्हा त्वचारोगवाल्यांचं जवळपास एकमत आहे. बुरशीच्या एका चिवट जातीला तर २०२० साली 'इंडोटिनी' असं नाव मिळालं, भारतावरून. अभिमान वाटावा असं त्यात काही नाही.

ट्यूबचं खोकं शोधा आणि बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन ही नावं स्टिरॉइडची. क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल, टर्बिनाफिन ही बुरशीवरची. निओमायसिन, जेंटामायसिन ही अँटिबायोटिक. क्लोबेटासोल आणि क्लोट्रिमाझोल ऐकायला भावंडं वाटतात, काम अगदी निराळं. तिन्ही प्रकार एकाच ट्यूबमध्ये असतील तर 'काहीतरी लागू पडेलच' या हिशोबाने ती बनवलेली आहे. २०१८ पासून स्टिरॉइडची अशी मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे. काउंटरवर काय चालतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

यजमानांनी ती ट्यूब आजपासून बंद करावी. पहिले काही दिवस लाली आणि खाज उसळेल. घाबरून परत लावू नये, त्याआधी डॉक्टर गाठावा. चकद्यावरचा थोडा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, बुरशी असेल तर सहसा तिथल्या तिथे दिसते. औषध काही आठवडे चालतं, आणि दिसायला साफ झाल्यावरही डॉक्टर सांगतील तोवर लावायचं असतं. टॉवेल वेगळा. अंतर्वस्त्रं पावसात पूर्ण वाळत नाहीत, तेव्हा इलॅस्टिकवरून गरम इस्त्री फिरवा. कमरेला करगोटा किंवा काळा दोरा असेल तर तूर्त काढून ठेवा. देवाचा असेल तर देवघरात ठेवा, ओला दोरा बुरशीला घर करून देतो.

मुलाची ट्यूब मात्र अशी एकदम टाकून देऊ नका. महिनोन्‌महिने तीव्र स्टिरॉइड चालू असेल तर ते कसं उतरवायचं हे डॉक्टर ठरवतील. याच आठवड्यात जा. कदाचित ते स्टिरॉइडच देतील, पण सौम्य, ठरलेल्या जागी आणि ठरलेले दिवस. तेव्हा 'स्टिरॉइड नको' म्हणून परत येऊ नका. चुकीच्या आजारावर वर्षभर लावणं आणि योग्य आजारावर आठवडाभर लावणं यांची गल्लत झाली की मुलाचे हाल होतात. चेहऱ्यासाठी आणि पुन्हा पुन्हा उसळणाऱ्या जागांसाठी स्टिरॉइड नसलेली टॅक्रोलिमससारखी मलमंही असतात. किती लावायचं तेही विचारा. साधं माप असं आहे: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून एक रेघ काढली की ती बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते.

जाण्याआधी एक गोष्ट घरीच तपासा, कारण बापलेक दोघांनाही रात्री खाज आहे म्हटल्यावर कोणीही खरजेचा विचार करील. बोटांच्या बेचक्या, मनगटाची आतली बाजू, काखा, बेंबीभोवती, ढुंगण, आणि मुलांत-पुरुषांत जननेंद्रियावर बारीक दाणे. असे दाणे दिसले, किंवा तुम्हालाही खाज सुरू झाली, तर गोष्ट तिसरीच आहे. खरूज पहिल्यांदा होते तेव्हा किडा शिरल्यापासून खाज सुटायला चार ते सहा आठवडे जातात, म्हणून घरात एकाला आज आणि दुसऱ्याला महिन्याने असं दिसतं. त्यात घरातल्या सगळ्यांनी, खाज नसलेल्यांनीसुद्धा, एकाच रात्री औषध लावायचं असतं आणि सहसा आठवड्याने पुन्हा. एकट्या मुलाला लावून काही होत नाही. तुमच्या पत्रात मात्र दोन वर्षं फक्त घड्यांतच खाज आहे आणि तुम्ही स्वतः ठीक आहात, त्यामुळे मी खरजेवर पैज लावणार नाही.

रोजची काळजी औषधाइतकीच मोलाची आहे. आंघोळ कोमट पाण्याची, पाच-दहा मिनिटांत आटोपणारी. फेस कमी आणि वास नसलेला साबण, तोही काखा-जांघा-पाय एवढ्यालाच. पाण्यात अँटिसेप्टिक टाकणं, कडुलिंबाचा पाला उकळून चोळणं, हळदीचा लेप, हे सगळं थांबवा. अंग टिपून घ्या, पुसून घासू नका, आणि ओलसर असतानाच दोन-तीन मिनिटांत मॉइश्चरायझर लावा. जाडसर, बिनवासाचा. साधी पेट्रोलियम जेलीही चालते. घामाच्या दिवसांत चिकट वाटली तर क्रीम घ्या. खरी गफलत होते ती प्रमाणात. या वयाच्या मुलाला सगळ्या अंगाला दोनदा लावायचं तर आठवड्याला साधारण २५० ग्रॅम लागतं. आपण ५० ग्रॅमची ट्यूब आणून ती दोन महिने पुरवतो आणि म्हणतो, फरक नाही. घरचं खोबरेल तेल सौम्य इसबात लावायला हरकत नाही, पण उसळलेल्या जागी तेवढ्यावर भागणार नाही. नखं कापून ठेवा, रात्री अंगात सुती बाह्यांचा सदरा.

मासळी बंद करू नका. अन्नाची अ‍ॅलर्जी असेल तर खाल्ल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांत गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते. सुंगटं खाल्ल्यावर मुलाला असं कधी झालं असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. झालं नसेल तर नऊ वर्षांच्या पोराचं हुमण काढून घेऊन इसब बरा होणार नाही. (शिळ्या बांगड्याने अंग लाल होऊन खाजतं ते वेगळं. तिथे माशात साठलेलं हिस्टामाइन कारण असतं, आणि ताजा बांगडा त्याच माणसाला काही करत नाही.) काजूच्या दिवसांत बिया फोडायला मुलगा बसत असेल तर ते मात्र बंद करा. टरफलातलं तेल धडधाकट कातडीलाही भाजतं आणि बिब्ब्यासारखं उततं.

शाळेला सांगायला डॉक्टरांकडून दोन ओळींचा दाखला घ्या: हा आजार संसर्गजन्य नाही, मुलाला वर्गात, खेळात, डब्यात वेगळं ठेवायचं कारण नाही. बाईंना एकटीने समजावत बसण्यापेक्षा सही-शिक्क्याचा कागद लवकर काम करतो. फक्त एक बघा. बापाचा टॉवेल मुलगा वापरत आला असेल तर त्याच्या अंगावरही एखादा गोल चकदा असू शकतो. दोन्ही आजार एका अंगावर नांदू शकतात. डॉक्टरांना कपडे काढून पूर्ण तपासायला सांगा, नुसता कोपर पुढे करू नका.

फोंड्याच्या उपजिल्हा इस्पितळात आधी दाखवा. नायटा हटत नसेल किंवा मुलाला महिन्याभरात फरक पडला नाही तर बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) त्वचारोग विभाग आहे. सोबत वापरलेल्या सगळ्या ट्यूबांची खोकी न्या, रिकामीसुद्धा. उसळलेल्या दिवशीचे फोटो मोबाइलवर काढून ठेवा, कारण तपासणीच्या सकाळी त्वचा हटकून शहाण्यासारखी वागते. इसबाच्या जागी पिवळी खपली धरली, पू आला तर थांबू नका. आणि ताप येऊन एकसारख्या आकाराचे, टोकरल्यासारखे दुखरे फोड झपाट्याने पसरू लागले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, इस्पितळ. ती नागिणीच्या कुळातल्या विषाणूची लागण असू शकते आणि इसबाच्या मुलांत ती अंगभर जाते.

राहिला फुटबॉल. बंद करू नका. खेळायला जाण्याच्या अर्धा तास आधी घड्यांना पातळ क्रीम लावा, पायमोजे आणि जर्सीच्या आत सुती बनियन द्या, सिंथेटिक जर्सी थेट अंगावर नको. पिशवीत एक जादा बनियन आणि छोटा टॉवेल ठेवा. घरी आल्यावर चहा-बिस्किटाच्या आधी आंघोळ, मग मॉइश्चरायझर. मैदान चिखलाचं असेल तर गुडघ्यामागचा चिखल वाळू देऊ नका, तो वाळताना सगळ्यात जास्त खाजवतो. एवढं सांभाळलं तर गोलकीपर व्हायलाही हरकत नाही.